मेळ्याचे बळ कोणाचे?





मागल्या कार्तिकी वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात एक तरुण वारकरी आम्हांस भेटला. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, शहरात नोकरी. त्याने आमच्या पायांवर डोके ठेवले, आम्ही त्याच्या ठेवले. मग जवळ बसून जरा चाचरतच म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो."

आम्ही म्हटले, "विचार बाबा. वाळवंटात कसला आलाय राग?"

त्याने सांगितले ते असे. त्याच्या ओळखीची दहा-बारा माणसे दर अमावास्येला एका घरी जमतात. मध्ये दिवा ठेवतात, भोवती कडे करून बसतात आणि एकाच सुरात एक मंत्र शेकडो वेळा म्हणतात. बसण्याआधी एक इच्छा ठरवितात. कोणाची बढती, कोणाचा कोर्टातला दावा, कोणाचे अडलेले लग्न. आणि एकदोनदा तर कोणाचे वाईट व्हावे हीसुद्धा. सर्वांनी मन त्या एका इच्छेवर लावले की सामूहिक शक्ती उत्पन्न होते व काम फत्ते होते, असे त्यांचे म्हणणे. हाही दोनदा जाऊन आला होता.

"अंगावर काटा येतो, महाराज. हात गरम होतात. खरंच काहीतरी उठतं तिथं. आता मला सांगा, आपल्या दिंडीत उठतं ते हेच, का वेगळं?"

तेवढ्यात कीर्तन उभे राहिले, वीणा झंकारली, आणि आम्हांस थोडक्यात उत्तर देऊन उठावे लागले. पण प्रश्न मनातून गेला नाही. असे प्रश्न आज पुष्कळांच्या मनात आहेत आणि ते मोकळेपणाने विचारले जात नाहीत. म्हणून या महिन्याची सेवा त्याच प्रश्नापाशी रुजू करीत आहोत.

पहिली गोष्ट कबूल करू. चार जण एकत्र येऊन एका तालात एक शब्द म्हणू लागले की बळ उत्पन्न होते, हे खोटे नव्हे. वारकऱ्याला तर ते शिकवावे लागतच नाही. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट लागतो. माऊलींच्या रथाला तेथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. साठी उलटलेली म्हातारी, जी घरी दोन पायऱ्या चढताना भिंत धरते, ती डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन तो घाट चढते. तिला विचारा, "आजी, दमला नाहीत?" ती म्हणते, "मी कुठं चाललेय बाबा, दिंडी चालवतेय." वेळापूरच्या अलीकडे धावा होतो तेव्हा उतारावरून सारी दिंडी धावत सुटते. सदाशिवनगर, खुडूस, ठाकूरबुवाची समाधी येथल्या गोल रिंगणात माऊलींचा अश्व दौडत गेला की त्याच्या टापांची माती कपाळी लावण्यास हजारो हात एकदम खाली वळतात. त्या क्षणी एकटा असा कोणी राहत नाही.

विद्वान मंडळींनीही याचा विचार केला आहे. दुर्खीम नावाच्या फ्रेंच पंडिताने १९१२ साली धर्माच्या मूळ रूपांवर एक ग्रंथ लिहिला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या उत्सवांची वर्णने अभ्यासून त्याने असे दाखविले की माणसे एकत्र जमली की त्यांच्यात विजेसारखा एक आवेग खेळू लागतो, आणि एकेकट्याकडून न होणाऱ्या गोष्टी त्या आवेगात होतात. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या नाड्या तपासल्या. गाण्याच्या ओळीबरोबर सर्वांचा श्वास एक होतो आणि श्वासाबरोबर काळजाचे ठोकेही एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी मंदावतात, असे त्यांना आढळले. आमच्या टाळकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पावलीत पाऊल पडले की श्वासही मिळतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

तेव्हा त्या अमावास्येच्या घरी आमच्या तरुण मित्राचे हात गरम झाले असतील, तर त्याला आम्ही खोटे पाडीत नाही. पण येथेच सावध झाले पाहिजे. बळ उत्पन्न झाले एवढ्यावरून ते देवाचे ठरत नाही. दहा काड्या एकत्र पेटल्या की जाळ मोठा होतो. त्यावर भाकरीही भाजते आणि घरही जळते. दंगलीतल्या जमावाच्याही अंगावर काटा येतो, त्याचेही हात गरम होतात. म्हणून "शक्ती आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. ती कोणाची, कशासाठी, आणि ती आल्यावर माणसाचे काय होते, हे उरलेले अर्धे.

असली मंडळे काही आजची नव्हेत, आणि आपल्याच देशातली आहेत असेही नव्हे. लंडन शहरात १८८८ साली 'गोल्डन डॉन', म्हणजे सोनेरी पहाट, या नावाचे एक गुप्त मंडळ निघाले. वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन हे त्याचे संस्थापक. शपथा, दीक्षा, चढत्या पायऱ्या, ठरावीक पोशाख आणि चिन्हे, असा सारा थाट होता. त्यात सामील झालेली माणसे अडाणी नव्हती. आयर्लंडचे कवी यीट्स, ज्यांना पुढे १९२३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते १८९० साली त्यात दाखल झाले. एकत्र बसून विधी करावेत, अनेकांच्या मनांचे एक मन करावे आणि त्या बळाने अदृष्टावर ताबा मिळवावा, अशी ही खटपट.

तिचे पुढे काय झाले? बारा वर्षे झाली आणि १९०० साली मंडळ फुटले. प्रमुख कोण आणि अधिकारपत्रे खरी कोणाची, यावरून भांडण पेटले. मंडळाच्या खोल्यांना कुलपे घालण्यापर्यंत आणि पोलिसांना बोलावण्यापर्यंत पाळी आली. उरलेल्यांतही आतल्या आत लहान गुप्त टोळ्या झाल्या. प्रत्येकीचे विधी निराळे, प्रत्येकीचे गुपित निराळे. तेव्हा १९०१ साली यीट्स यांनी आपल्या सभासदांसाठी एक पुस्तिका लिहून बजावले की, मंडळाच्या पोटात अशी गुप्त मंडळे राहिली तर मंडळाचे एकपण उरणार नाही. कवीचे निदान बरोबर होते. पण जेथे मुळातच थोड्यांनी बाकीच्या जगापासून लपून बसायचे ठरविले, तेथे त्या थोड्यांतले आणखी थोडे उरलेल्यांपासून लपणार, हे ओघानेच आले. भिंत घालण्याची सवय लागली की घरातही भिंती उभ्या राहतात. हेच यीट्स पुढे उतारवयात आपल्या वऱ्हाडातील बडनेऱ्याच्या श्रीपुरोहित स्वामींच्या सहवासात आले, आणि दोघांनी मिळून केलेले दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर १९३७ साली प्रसिद्ध झाले. असो.

आपल्याकडे हीच गोष्ट संतांनी चांगदेवांच्या कथेत फार पूर्वी सांगून ठेवली आहे. चांगदेव योगी मोठे. चौदाशे वर्षांचे आयुष्य, काळाला परतवून लावलेले. ज्ञानदेवांच्या भेटीस निघाले ते वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा थवा. इकडे चार भावंडे एका पडक्या भिंतीवर ऊन खात बसली होती. पाहुणा येतो आहे म्हणून ती भिंतच सामोरी गेली, अशी कथा. श्रोते भिंत चालली याचाच चमत्कार ऐकतात आणि टाळी देतात. आम्हांस मात्र दोन मेळ्यांतला फरक पाहावासा वाटतो. चांगदेवांचा मेळा मोठा होता, पण त्या साऱ्यांचे बळ एका माणसाला उंच करण्यात खर्च होत होते. भिंतीवरची चार भावंडे पोरकी, गावाने वाळीत टाकलेली. त्यांच्यात उंच कोणी नव्हते. शेवटी त्या वृद्ध योग्याने गुरू केले कोणाला? सर्वांत धाकट्या मुक्ताबाईला. सिद्धी असूनही जे कोरे राहिले होते ते एका मुलीच्या शब्दाने भरले. पतंजलींनीसुद्धा योगसूत्रांत सिद्धींना समाधीच्या वाटेवरची विघ्नेच म्हटले आहे.

आता कोणी म्हणेल, "महाराज, आम्हीही विठोबाकडे मागतोच की! पाऊस मागतो, लेकराला बरे वाटावे म्हणून मागतो. मग त्यांच्यात आणि आमच्यात फरक तो काय?" प्रश्न रास्त आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले. त्यांत संकटात सापडलेला आर्तही आहे आणि काही हवे असलेला अर्थार्थीही आहे. दोघांनाही देवाने भक्तच म्हटले, दारातून हाकलले नाही. तेव्हा मागणे हे पाप नव्हे. लेकरू आईजवळ मागते. आई देईल, न देईल, उद्या देईल, किंवा मागितलेले सोडून दुसरेच हाती ठेवील. लेकरू रडेल, पण पदर सोडणार नाही. याला भक्ती म्हणतात. आणि आई झोपली असता चार भावंडांनी मिळून तिच्या कमरेची किल्ली काढून घेतली तर त्याला काय म्हणावे? त्या चौघांतही एकजूट असते, श्वासाला श्वास मिळालेला असतो. पण ते मागणे नव्हे. मंत्रतंत्राच्या मेळ्यात देव ही वापरण्याची वस्तू होते. इतके आकडे जपले, इतकी माणसे बसली, की फळ बांधील. भक्तीत बांधील कोणी असलेच तर आपण.

पंढरीचा देव कोणत्या अनुष्ठानाने आला, याचा विचार करा. पुंडलिकाने मंडळ आखले नव्हते, कोणाला बसवून जप करविला नव्हता. तो आईबापांचे पाय चेपीत होता. देव आपणहून दारी आला, तर त्याने मागे वीट फेकली आणि "उभा राहा, हातातली सेवा पुरी होऊ दे" म्हणून सांगितले. अठ्ठावीस युगे तो विटेवर उभा आहे ही आपली श्रद्धा. जो बोलावल्याने आला नाही आणि थांबविल्याने रागावला नाही, त्याला वश करण्याचा मंत्र कोण कोठून आणणार?

म्हणून वारकरी मेळ्याची घडीच संतांनी व मागल्या थोर वारकऱ्यांनी अशी घातली आहे की उत्पन्न झालेले बळ कोणाच्याही खिशात जाऊ नये. ही घडी नीट पाहा.

दिंडीत वीणेकरी मध्यभागी असतो. पण वीणा त्याची नसते. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. आत्ता ज्याच्या पायांवर साऱ्यांनी डोके ठेवले तोच घटकाभराने मागच्या रांगेत टाळ वाजवितो. दुसरे, आमच्या मेळ्याला दार नाही. कीर्तन देवळाच्या ओवरीत, वाळवंटात, रस्त्यावर होते. वाटेने जाणारा गाडीवान येऊन उभा राहिला तरी त्याला कोणी दीक्षा विचारीत नाही. आमचा मंत्र गुप्त नाही, तो मोठ्याने ओरडून सांगण्याचा आहे. तिसरे, गोपाळकाला. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात ज्याच्या त्याच्या शिदोरीची सरमिसळ होते. पोहे कोणाचे, लाह्या कोणाच्या, दही कोणाचे, हे काला झाल्यावर कोणासही सांगता येत नाही. आणि चौथे, ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी केली तेव्हा पसायदान मागितले. नऊ हजार ओव्यांचे वाग्यज्ञ संपवून मागितले काय, तर दुष्टांचे दुष्टपण जावे आणि प्राणिमात्रांत मैत्री व्हावी. स्वतःसाठी एक अक्षर नाही. शत्रूचा नाश नाही, शत्रुत्वाचा नाश. अमावास्येच्या त्या घरी जी इच्छा ठरविली जाते तिच्याशेजारी हे मागणे ठेवून पाहावे. अधिक बोलण्याचे कारण उरत नाही.

पण आम्हांस सर्वांत मोठा धडा मिळतो तो माऊलींच्या पालखीच्या समाज आरतीत. सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. दिवसभर चालून पालखी तळावर आली की दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. टाळमृदंगांचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मग चोपदार आपला चोप उंच करतात, आणि एवढा गजर क्षणात थांबतो. हजारो माणसे चिडीचूप. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. त्या शांततेत तिचे टाळ सर्वांना ऐकू जातात. चोपदार तिच्याकडे जातात, काय गाऱ्हाणे आहे ते ऐकून घेतात. हरवले-सापडलेल्यांची नावनिशी पुकारली जाते. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाची चुकलेली म्हातारी. उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. आणि त्यानंतर आरती.

वाचकहो, याचा अर्थ ध्यानी घ्या. सबंध दिवसाच्या नामघोषाने जे बळ जमले त्याचे पहिले काम कोणते? गप्प बसून एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकणे. देवाची आरतीसुद्धा त्यानंतर. ज्या मेळ्याला थांबता येते आणि ज्याला त्यातला एक दुखावलेला आवाज ऐकू येतो, त्या मेळ्याचे बळ देवाचे समजावे. ज्याला थांबताच येत नाही, त्याचे बळ कितीही मोठे असो, त्याला आम्ही उन्माद म्हणू.

हे आम्ही पोथीत वाचून शिकलो नाही. लहानपणी चूक करून शिकलो. ती हकीकत सांगितल्यावाचून हे प्रवचन खरे होणार नाही.

पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट. गावात श्रावणातला सप्ताह चालू होता. पाचव्या रात्री देवळात जागर रंगला असता वस्तीवरून आरोळी आली. मोलमजुरी करणाऱ्या एका बाईच्या मुलाला पान लागले होते. सात-आठ वर्षांचे पोर. गावात एक मांत्रिक होता. लोकांनी पोराला त्याच्या अंगणात नेले. लिंबाचा डहाळा आला, डाक वाजू लागली, माणसे कडे करून उभी राहिली आणि मांत्रिकाच्या प्रत्येक मंत्राला साथ देऊ लागली. तीस-चाळीस माणसे एका आवाजात. आम्हीही देवळातून पळत जाऊन त्या कड्यात उभे राहिलो. खरे सांगतो, त्या रात्रीसारखा काटा आमच्या अंगावर पुढे क्वचितच आला. पोर वाचणारच, आपण सगळे मिळून त्याला ओढून आणतो आहोत, असे वाटत होते. पोराच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, ते कोणाच्या लक्षात येत नव्हते. गजरच एवढा होता.

देवळात वीणेवर एक म्हातारे आबा उभे होते. त्यांनी शेजारच्या पोराच्या गळ्यात वीणा घातली. "पहारा सांभाळ. नाम थांबू देऊ नको," एवढेच म्हणाले. सात टाळकरी बरोबर घेतले, देवळातली बाज उचलली आणि अंगणात आले. कडे फोडून सरळ त्या माऊलीपुढे उभे राहिले. म्हणाले, "बाई, देवाचं नाव आम्ही वाटंनं घेऊ. पोराला बाजंवर घाल. दवाखान्यात न्यायचंय."

लोक खवळले. "आबा, मंत्र अर्ध्यात मोडू नका, पोर दगावंल!" आबा म्हणाले, "दगावलं तर माझ्या माथी. उचला."

दवाखाना मोठ्या सडकेला, दोन कोसांवर. काळ्या मातीचा चिखल, बैलगाडी रुतली असती. चौघे बाज धरीत, चौघे मागून येत, थकले की बदलत. पायांत वहाणा नव्हत्या. आम्ही कंदील घेऊन पुढे झालो, तेवढेच प्रायश्चित्त. तोंडाने हळू आवाजात 'ज्ञानबा-तुकाराम' चालले होते आणि चौघांची पावले त्या ठेक्यात पडत होती. बाज हिंदकळली नाही, कोणी घसरला नाही. डॉक्टरांना उठविले. सापाच्या विषावरची लस दवाखान्यात होती, ती टोचली. पोर वाचले. आज त्याला नातवंडे आहेत.

पहाटे परत येताना आम्ही विचारले, "आबा, नामानं वाचला का लशीनं?" आबा हसले. म्हणाले, "लशीनं वाचला रं बाबा. पर लशीपातूर पाय कुणी नेले?"

त्या एका वाक्यावर आमचे सारे आयुष्य चालले आहे. त्या रात्री दोन मेळे जमले होते. एकाच्या बळाने चाळीस माणसे जागच्या जागी खिळून राहिली. दुसऱ्याच्या बळाने आठ माणसे चिखलातून दोन कोस चालली. जोर पहिल्यात अधिक होता. पण त्याला पोराची पापणी दिसत नव्हती. आणि हेही सांगतो, तो मांत्रिक दुष्ट नव्हता. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. ते चावलेली माणसे मंत्र न म्हणताही बरी होतात, आणि श्रेय मंत्राला जाते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी एखादा डसला म्हणजे मात्र वेळेचा हिशेब द्यावा लागतो. त्या बिचाऱ्याला आपल्या यशाचे खरे कारण कधी कळलेच नव्हते.

महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला त्याची आठवण येथे होते. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याआधी कित्येक वर्षे आपल्यापैकी अनेकांना भीती वाटत होती की हा कायदा उद्या वारीवर आणि कीर्तनावर येईल. मोर्चेही निघाले. परंतु कायदा वाचून पाहावा. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन ही सर्व त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा मात्र त्यात गुन्हा ठरविला आहे. म्हणजे आबांनी त्या रात्री जे केले तेच कायद्याने पुढे सांगितले. डॉक्टरसाहेबांची सगळी मते वारकऱ्याला पटतील असे नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला ठार मारणे हे पसायदान मागणाऱ्यांच्या महाराष्ट्राला शोभले नाही, एवढे तरी आपण मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे.

आता दुसऱ्याकडे दाखविलेले बोट आपल्याकडे वळवू. आमच्यातही हा रोग शिरला आहे. "आमच्या दिंडीत माणसे किती, तुमच्या दिंडीत किती?" "आमच्या सप्ताहामुळे पाऊस पडला." "इतक्या जणांनी पारायणाला बसा, अमुक संकट टळेल." कर्णे इतके मोठे लावायचे की शेजारच्या घरातल्या आजाऱ्याने रात्रभर तळमळावे. एका गावात दोन सप्ताह, कारण विणा कोणाच्या हाताने उभी राहायची यावरून तंटा. सांगा, लंडनच्या त्या मंडळात आणि यात फरक काय राहिला? नाव विठ्ठलाचे घेतले म्हणून गर्दीचा गर्व भक्ती होत नाही. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायात कीर्तनाचे माहात्म्य सांगताना म्हटले आहे की कीर्तनाच्या रंगापुढे प्रायश्चित्तांचा धंदाच बुडाला, पापच शिल्लक उरले नाही. आपण मात्र कीर्तनाचाच धंदा मांडला तर प्रायश्चित्त कोठे घेणार?

म्हणून कोणत्याही मेळ्यात बसण्यापूर्वी, मग तो अमावास्येचा असो की एकादशीचा, चार गोष्टी विचारून पाहाव्यात. याला दार आहे की हा उघडा आहे? येथले बळ कोणा एकाला मोठे करते, की वीणेसारखे हातोहात फिरते? येथे देवाजवळ मागतात, की देवाला राबवितात? आणि यातल्या एकाला दुखले तर हा मेळा थांबतो का? चारांची उत्तरे बरी आली तर खुशाल बसावे. शेवटच्या एकाचे उत्तर वाईट आले तर पहिल्या तिघांकडे पाहूही नये, सरळ उठावे.

त्या तरुणाला वाळवंटात आम्ही एवढेच म्हणालो होतो, "बाळ, तिथं उठतं ते बळच आहे. पण घरी येताना तुझ्याबरोबर कोण येतं ते बघ. तिथून तू आपली इच्छा घेऊन परत येतोस. दिंडीतून परत येताना शेजारच्याची पिशवी खांद्यावर असते." तो काही बोलला नाही. कीर्तन संपेपर्यंत मात्र बसला, आणि उठताना एका म्हाताऱ्या वारकऱ्याची वळकटी त्याने आपण होऊन उचलली.

येत्या एकादशीला गावच्या देवळात हरिपाठाला जाल तेव्हा टाळ हाती घेण्याआधी एकवार भोवती पाहा. रोज येणारा कोण आज आला नाही? त्याच्या घरी कोणी आजारी आहे का? कळले तर हरिपाठ झाल्यावर चौघे मिळून तिकडे जा. पाऊल ठेक्यात पडेलच. ते शिकविण्यासाठीच संतांनी आपल्या हाती टाळ दिले आहेत.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!